छेदातले अठरा

रामदासपेठ, नागपूर
१२ ऑगस्ट १९८२

रुपराव गा,

आठ वर्षांनी पत्र पाठवलंस, त्यात खुशालीच्या दोन ओळी आणि मागणी दीड पानाची. वा रे पठ्ठ्या! संत्र्याच्या बगीच्यात राहून माणूस सुधारत नाही, एवढं कळलं.

तुला हवा होता तो लेख मिळाला. आमच्याकडे विलायती नियतकालिकं जहाजानं येतात, चार-चार महिने उशिरा, आणि ग्रंथालयाबाहेर नेऊ देत नाहीत. झेरॉक्सचं यंत्र आलं आहे म्हणे, पण ते मोठ्या साहेबांच्या खोलीत झाकून ठेवलेलं असतं. म्हणून तीन दिवस बसून सगळा लेख हातानं उतरवला. तेवीस पानं झाली. मजकूर निळ्या शाईत, समीकरणं लाल. अक्षर ओळखशीलच. एम.एस्सी.ला माझ्याच वह्या वाचून तू पहिला आलास आणि मी दुसरा. राग मानू नको, मस्करी करून राहिलो.

पाकीट नरखेडच्या साडेआठच्या एसटीत कंडक्टर धोंडबाजवळ दिलं आहे. स्टँडवर माणूस पाठव.

पण मला सांग, विश्वाच्या पहिल्या क्षणाचं तुला आता काय पडलं आहे? वडील गेले, तू संशोधन सोडून गावी गेलास, ते ठीकच होतं. जाताना मला म्हणालास, "घे गा मधुकर, तुले जागा झाली." सरांकडे एकच जागा होती, ती तुझी होती, ती मला मिळाली. त्या जागेवर मी पीएच.डी. झालो, नोकरीला लागलो, चारुशीलाशी लग्न केलं. आठ वर्षं मी तुझं ते वाक्य विसरलेलो नाही. तू चांगल्या मनानं म्हणाला असशील. मी कधी तसं घेतलं नाही, म्हणून पत्र लिहिलं नाही. आता तूच लिहिलंस, तर बोलून मोकळा होतो.

पंचफुलावहिनींना नमस्कार.

मधुकर

*

रामदासपेठ
४ नोव्हेंबर १९८२

रुपराव,

धोंडबानं टोपली आणून दिली. आंबिया बहाराची संत्री, साल अशी सुटते की नखाचं काम नाही. चारुशीला तर शेजारीपाजारी वाटत सुटली. "रुपरावभाऊजींच्या बगीच्यातली," असं प्रत्येक दारात सांगून आली. मी पाच वर्षं या गावात भौतिकशास्त्र शिकवतो, माझ्या नावानं तिनं कधी काही वाटलेलं मला आठवत नाही.

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

मी समजलो तसं लिहितो, चुकलं तर सांग. विश्व अगदी तान्हं असताना जिथे माल जरा दाट होता तिथे तो आपल्याच भारानं कोसळला आणि बारीक बारीक कृष्णविवरं झाली, अणूच्या गाभ्याएवढी, पण डोंगराच्या वजनाची. हे आपल्याला ठाऊक होतं. आता अमेरिकेतून नवी कल्पना आली आहे की त्याही आधी विश्व डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आत भयंकर फुगलं. तसं असेल, तर फुगण्याआधीची विवरं इतकी पांगली की अख्ख्या आकाशात एक सापडायचं नाही. मग जी असतील ती फुगल्यानंतरचीच, आणि ती व्हायला दाटपणा आला कुठून?

इथवर सगळे येऊन थांबले आहेत. मीही. आणि तू लिहितोस, "मोटर दणक्यात चालू असली की पाटातलं पानी सपाट धावते गा. मंधातच व्होल्टेज पडलं, की तिथंच पानी थबकते अन् लाट उठते. विश्व फुगता फुगता एखाद्या घटकेले असंच थबकलं असन, तं त्या घटकेच्या लाटा बाकीच्यापेक्षा मोठ्या उठतीन. मंग मागून त्याच लाटा कोसळून विवरं होतीन, अन् सगळी जवळपास एकाच वजनाची."

रुपराव, मी हे वाचलं आणि पत्र पालथं घालून ठेवलं. चारुशीलानं विचारलं, "वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, "नाही, संत्र्याबद्दल आहे." तुला व्होल्टेज पडल्यावर हे सुचावं! माझ्याही घरी दररोज व्होल्टेज पडतं. मी पंखा बंद करून विजेच्या ऑफिसला शिव्या देतो, एवढंच मला सुचतं.

कल्पना बरी आहे. गणित करून पाहा. मी पाठवलेल्या लेखात, किती लाट असली म्हणजे किती भाग कोसळतो, याचं सूत्र आहेच.

म.

*

पोस्टकार्ड
२१ मार्च १९८३

रुपराव, तुझं विचारणं पोचलं. तू लिहितोस, उत्तर छान जमतंय, पाहिजे त्याहून छान जमतंय, म्हणून मनात शंका येते, त्या लेखाची काही दुरुस्ती पुढच्या अंकात छापली आहे का. नाही. अंक सगळे पाहिले. कुठलंही शुद्धिपत्र आलेलं नाही. बेधडक पुढे जा. सध्या परीक्षांच्या गडबडीत आहे.
— मधुकर

*

रामदासपेठ
९ सप्टेंबर १९८३

रुपराव,

अभिनंदन, मनापासून. असं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं आहे.

पुण्याच्या परिषदेचं बोलावणं काय साधी गोष्ट आहे? वीस मिनिटं बोलायला देतात, ऐकायला देशभरातली मोठी माणसं. आणि वर लिहितात, व्याख्यान पसंत पडलं तर दोन वर्षं तिथेच राहून काम करा, खोली देतो, ग्रंथालय चोवीस तास उघडं. मी तीनदा अर्ज केला होता तिथे. तिन्ही वेळा टंकलिखित नकार आला, त्यात एकदा माझं आडनाव चुकलेलं होतं. तू अर्जही केला नाहीस. नुसता बारा पानांचा सारांश पाठवलास, तोही खताच्या कंपनीच्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजूला गणितं करून.

वहिनींनी काय म्हटलं ते तू लिहिलंस, "मी पाह्यतो बगीच्याकडं, तुम्ही बिनघोर जा." चारुशीलाला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "किती सुखी माणसं आहेत हो." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊजींचं पत्र आलं की तुमचं तोंड असं आंबट का होतं?" मी उठून बाहेर गेलो. बाहेर तरी काय, दोन चकरा मारल्या आणि परत आलो.

मित्र म्हणून एक सांगू? जाऊ नकोस. इंग्रजीत बोलावं लागेल. तिथली पोरं सरळ तोंडावर प्रश्न फेकतात, वय पाहत नाहीत की कष्ट पाहत नाहीत. तू इतकी वर्षं यातून बाहेर आहेस. नुसता लेख छापायला पाठव, ती रीत बरी. उगीच फजिती कशाला?

इथे माझी रीडरच्या जागेची, म्हणजे बढतीची, मुलाखत फेब्रुवारीच्या सहा तारखेला ठरली आहे. यंदा होईल असं वाटतं. झालं नाही तर चारुशीलाला तोंड दाखवायची सोय नाही. विभागप्रमुख माझ्या बाजूचे आहेत. तेवढ्याकरता मीही पुण्याला जाणारच आहे, अशा परिषदेत दिसलेलं बरं असतं.

मधुकर

*

रामदासपेठ
२८ डिसेंबर १९८३

रुपराव गा,

तू जाणारच म्हणतोस. ठीक आहे. नवा कोट शिवलास हेही समजलं, काटोलच्या शिंप्यानं खिसा डाव्या बाजूला उलटा लावला, तरी तूच त्याला हसलास म्हणे. तू असाच.

जाण्याआधी एकदा ते सूत्र स्वतः मुळापासून काढून पाहा ना. म्हणजे नुसतं उतरवलेलं वापरू नको. घातांकाच्या छेदातल्या आकड्याकडे विशेष लक्ष दे. का म्हणून विचारू नको. हातानं उतरवताना माणसाचं चुकतं, एवढंच. माझी मान दुखत होती त्या दिवसांत.

वेळ नसेल तर राहू दे. तू म्हणतोस संत्र्याची तोड सुरू आहे, ट्रक रोज येऊन राहिले. मग तुला वेळ कुठला. बघ, जमलं तर.

हे पत्र धोंडबाजवळ देत नाही, पोस्टानं टाकतो.

म.

*

रामदासपेठ
१२ जानेवारी १९८४

रुपराव,

आता सगळं लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून जसं येईल तसं लिहितो.

शुद्धिपत्र आलं होतं. १९८३च्या फेब्रुवारीत, तू विचारण्याच्या महिनाभर आधी. अंकाच्या अगदी शेवटच्या पानावर, चार ओळींचं. घातांकाच्या छेदात नऊ छापले गेले आहेत, तिथे अठरा वाचावेत. मी ते त्याच दिवशी पाहिलं, आणि तुझ्यासाठी लाल शाईत एका चिठ्ठीवर उतरवूनही घेतलं. तेव्हा माझ्या मनात काही वाईट नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं.

चिठ्ठी टेबलाच्या खणात ठेवली. पुढच्या पाकिटात टाकू म्हटलं. मग तुझं पत्र आलं, पहिलंच गणित जमल्याचं. विवरं नेमकी इतकीच निघतात की ती हळूहळू किरणं सोडत संपून गेली, तरी आपल्या दुर्बिणींना दिसू नयेत. किती सुंदर उत्तर होतं ते. मला लगेच कळलं की ते नवामुळे सुंदर आहे. अठरा घातले की विवरांची संख्या कोटींनी वाढते, आकाश त्यांच्या किरणांनी भरून जायला हवं, आणि ते तर भरलेलं नाही. मी पाकीट तयार केलं, चिठ्ठी खणातच राहिली. चारुशीला खण आवरत होती, ती चिठ्ठी घेऊन आली, "हे भाऊजींचं राहिलं वाटतं, टाकू पाकिटात?" मी तिच्या हातून घेतली आणि म्हटलं, "ते दुसऱ्याचं आहे." रुपराव, बायकोशी खोटं बोलायला मला इतका कमी वेळ लागेल असं वाटलं नव्हतं.

आणि मग तू पोस्टकार्डावर सरळ विचारलंस. मी "नाही" लिहिलं. कार्ड पेटीत टाकून घरी आलो आणि पोटभर जेवलो. हे तुला मुद्दाम सांगतो, कारण तुला वाटेल माझा जीव तळमळला असेल. तळमळला, पण नंतर. त्या दिवशी जेवलो.

काहून केलं, विचारशील. तुझी कल्पना चोरायची नव्हती मला, आणि तू बुडावास असंही नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं की एकदा, फक्त एकदा, तुझं चुकावं. मी आठ वर्षं ग्रंथालयात बसलो, तू आठ वर्षं बगीच्यात, आणि पंपाच्या पाण्याकडे पाहून तुला ते दिसलं जे मला तेवीस पानं उतरवूनही दिसलं नाही. मले हेवा वाटते गा तुझा. डोक्याचा वाटते, वहिनीचा वाटते, उलट्या खिशाले हसतोस त्याचाही वाटते. लिहिताना लाज वाटून राहिली, पण खरं आहे.

डिसेंबरचं पत्र मी लिहिलं तेव्हा ते खरं सांगायलाच बसलो होतो. सहा पानं फाडली आणि ती भेकड चिठ्ठी पाठवली. म्हणजे उद्या तू काही बोललास तर मला म्हणता यावं, मी तर सांगितलं होतं. पोस्टानं टाकली कारण पोस्ट उशिरा पोचतं. ती तुला निघण्याच्या आदल्या दिवशी मिळाली, हे पुण्याला तूच सांगितलंस.

आता पुण्याचं. तू पाहिलंस की मी चौथ्या रांगेत होतो. तू पंधरा मिनिटं बोललास, इंग्रजी अडखळत, पण पाटाच्या पाण्याचं चित्र फळ्यावर काढलंस तेव्हा सभागृहात कुजबूज झाली, पहिल्या रांगेतला पांढऱ्या केसांचा माणूस पुढे वाकला. त्या क्षणी मी उठायला पाहिजे होतं. उठून नुसतं म्हणायचं होतं, थांबा, याला आकडा चुकीचा दिला गेला आहे, मी दिला आहे. मी बसूनच राहिलो. खोटं कशाला बोलू, मी थोडी वाटही पाहत होतो.

मग ती दुसऱ्या रांगेतली मुलगी उठली. "छेदात अठरा आहेत. शुद्धिपत्र वर्षापूर्वीच आलं." मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी चष्मा काढून तुला विचारलं, मूळ लेख तुम्ही पाहिला कुठे?

तू माझ्याकडे पाहिलंस. जास्त नाही, एवढासा वेळ. मला वाटलं, झालं, आता हा खिशातून माझं पोस्टकार्ड काढेल. ते तुझ्या कोटाच्या खिशात होतं, टिपणं काढताना मला दिसलं होतं. कार्डावर माझं अक्षर, माझी सही, तारीख. तू ते बाहेर काढलं असतंस तर माझी फेब्रुवारीची मुलाखत तिथेच संपली असती, कारण माझे विभागप्रमुख माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

आणि तू म्हणालास, लेख मीच उतरवून घेतला होता, नागपूरला जाऊन, घाईत. शुद्धिपत्र पाहायचं माझंच राहून गेलं.

नऊ-दहा वर्षांत तू त्या ग्रंथालयाची पायरी चढलेला नाहीस.

अध्यक्ष म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण काम असं निष्काळजीपणे करायचं नसतं. तू मान डोलावलीस आणि खाली येऊन बसलास. दोन वर्षांची ती जागा त्याच संध्याकाळी दुसऱ्याला जाहीर झाली. माझे विभागप्रमुख मला म्हणाले, "हाच का तुमचा मित्र? चांगला आहे, पण कच्चा आहे." मी "हो" म्हटलं. तेही म्हटलं मी.

चहाच्या वेळी तू मला शोधत आलास. मला पळावंसं वाटलं. तू म्हणालास, "चारुशीलाबाईले यंदाची टोपली पोचली का गा? अन् मुलाखतीले निळा शर्ट घाल, तुले बरा दिसते." आणि गेलास. शिवी का नाही दिलीस? एक थोबाडीत का नाही मारलीस? मी सोयीनं तुझ्यावर चिडलो असतो, सुटलो असतो.

गाडीत मी गणित करायला घेतलं आणि घरी येऊन चार दिवस तेच केलं. अठरा घातल्यावर विवरं फार होतात, खरं. पण थबकण्याची ती घटका तू धरलीस त्याहून थोडी आखूड धरली, की लाट लहान उठते आणि संख्या पुन्हा मर्यादेत येते. तुझी कल्पना मेलेली नाही, रुपराव. नवावर ती नशिबानं उभी होती, अठरावर ती अकलेनं उभी राहते. मी तीन वेगवेगळ्या मार्गांनी पडताळलं. वजन मात्र तू म्हणालास त्यापेक्षा हलकं निघतं. ती पानं सोबत आहेत.

चारुशीलाला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वर्षभर संत्री खाल्ली ना हो आपण त्यांची." आणि स्वयंपाकघरात गेली. अजून नीट बोलत नाही.

पुण्याच्या अध्यक्षांना मी पत्र लिहिलं आहे. शुद्धिपत्र माझ्याकडे कधी आलं, तू लेखी विचारलंस तेव्हा मी लेखी काय उत्तर दिलं, सगळं तारखांसह. रुपरावजवळ माझं पोस्टकार्ड आहे ते मागवून पाहा, असंही लिहिलं आहे, तेव्हा ते फाडून टाकू नकोस, निदान एवढी माझी इज्जत ठेव. सुधारलेलं गणित जोडलं आहे, त्यावर नाव फक्त तुझं. माझं नाव घालावंसं वाटलं, आणि एकदा पेन्सिलीनं लिहूनही पाहिलं. खोडलं. पत्राची एक प्रत आमच्या विभागप्रमुखांना दिली. सहा फेब्रुवारीला मुलाखत होईल की नाही, माहीत नाही. झाली तरी काय विचारतील ते मला माहीत आहे.

ते तुला ती जागा देतील की नाही, तेही मी सांगू शकत नाही. पण तू निष्काळजी नव्हतास, हे आता तिथल्या फाइलमध्ये लागेल.

एका गोष्टीचा राग मात्र जात नाही. तू एक खोटं बोललास आणि मी एक बोललो. दोन्ही एकेका वाक्याची. तुझं खोटंही माझ्यापेक्षा सरस निघालं. तिथेही तू पहिला आलास, साल्या, आणि मी दुसरा.

अध्यक्षांना लिहिलेलं पत्र आज सकाळी दहा वाजता रजिस्टर केलं आणि पावती घेऊनच हे तुला लिहायला बसलो. आधी कळवलं असतं, तर तू पहिल्या एसटीनं येऊन मला थांबवलं असतंस. आणि मी थांबलोही असतो.

मधुकर